वहिनी दचकल्या, तुम्ही नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही एक रहस्यकादंबरी दोन रात्रींत वाचून काढलीत. निवेदक एक डॉक्टर. सगळी गोष्ट तोच 'मी' म्हणून सांगतो. खून झाला त्या रात्री आपण त्याच घरात होतो, एवढं एकच तो शेवटच्या पन्नासेक पानांपर्यंत दडवून ठेवतो. पुढे त्यावर सिनेमा आला आणि तुम्ही पत्नीला घेऊन बघायला गेलात. पहिला तास आवडला, नटाचं काम आवडलं, कॅमेऱ्याचंही. पण डॉक्टरची बहीण, पुस्तकात त्याच्यावर संशय घेणारी एकमेव व्यक्ती, सिनेमात नाहीच. पुस्तकात डॉक्टर सुटतो, सिनेमात पोलिसांपुढे कबुली देतो. रहस्य फुटलं तेव्हा वहिनी खुर्चीतून उडाल्या आणि तुम्ही शेजारी थंड बसून होतात. तुमचं वाक्य जसंच्या तसं देतो : "मला सिनेमा आवडला की नाही हेच ठरत नाही. पुस्तक वाचून मी स्वतःचंच नुकसान केलं का, की त्यांनी माती केली?"

मी बरीच वर्षं पटकथा लिहितो. तीन रहस्यकादंबऱ्यांवर काम केलं. एक बरी जमली, एक फसली, तिसरी चार ड्राफ्टनंतर कपाटात गेली. पुढे जे लिहितोय ते बरंचसं फसलेलीने आणि कपाटातलीने शिकवलेलं आहे. आणखी एक सूचना : जुन्या सिनेमांची रहस्यं मी बिनदिक्कत फोडणार आहे.

तुमच्या थंडपणापासून सुरुवात करू. उत्तर माहीत असलेल्याला धक्का बसत नाही, यात दोष तुमचा नाही आणि सिनेमाचाही नाही. पण उत्तर माहीत असूनही माणूस खुर्चीच्या कडेवर येऊन बसू शकतो. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्सवा त्रुफोने १९६२ साली रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकची दीर्घ मुलाखत घेतली, तिचं पुढे पुस्तक झालं. त्यात टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आहे. चार माणसं गप्पा मारत बसली आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला आणि मग तीच माणसं तशाच फालतू गप्पा मारत बसली, तर पंधरा मिनिटांची उत्कंठा मिळते. या दुसऱ्या प्रकारात पुस्तक वाचून आलेल्या प्रेक्षकाचं काहीच बिघडत नाही, कारण बॉम्बची खबर सगळ्यांनाच दिलेली असते.

हिचकॉकने हे स्वतः एका कादंबरीवर करून दाखवलं. 'व्हर्टिगो' (१९५८) हा ब्वालो-नार्सजाक या फ्रेंच जोडीच्या १९५४ च्या कादंबरीवरून केलेला सिनेमा. दोन बायका म्हणजे एकच बाई आहे, हे कादंबरी अगदी शेवटी सांगते. सिनेमाने ते साधारण दोन-तृतीयांश गोष्ट झाल्यावरच सांगून टाकलं. भोवतालच्या लोकांचा विरोध असताना त्याने हे केलं, असं त्याने त्रुफोला सांगितलं आहे. परिणाम असा की 'ही कोण?' हा प्रश्न संपला आणि 'नायकाला कळल्यावर काय होईल?' हा सुरू झाला. पहिला प्रश्न एकदाच कामाला येतो. दुसरा सिनेमा पाचव्यांदा बघतानाही छळतो.

म्हणजे तुम्ही थंड राहिलात यावरून एक गोष्ट नक्की कळते : तुमच्या सिनेमाने सगळी भिस्त धक्क्यावर ठेवली होती. वहिनींसाठी तो चालला. तुमच्यासाठी त्या जागी खड्डा होता आणि तो भरायला दुसरं काही ठेवलेलं नव्हतं. हे पटकथेचं धोरण आहे, आणि पुस्तक गाजलेलं असेल तर अर्धं प्रेक्षागृह ते वाचून आलेलं असणार, हे लिहिणाऱ्याने धरून चालायला हवं. त्यामुळे पहिल्या मुद्द्यावर माझं माप तुमच्या बाजूने.

पण मला वाटतं तुमची खरी चुटपुट धक्क्याची नाहीच. ती त्या 'मी'ची आहे, आणि इथे जरा थांबावं लागेल, कारण रहस्यकादंबरीची रूपांतरं बहुतेक इथेच अडकतात.

कादंबरीत डॉक्टर तुमच्याशी बोलत होता. दोन रात्री तुम्ही त्याच्या डोक्यात मुक्कामाला होतात. त्याला झोप येत नव्हती तेव्हा तुम्हीही जागे होतात. आणि मग कळलं की हा माणूस पहिल्या पानापासून आपल्याला गंडवतोय. त्या क्षणी वाचक मागे वळून बघतो आणि म्हणतो, अरे, हा माझ्याशी खोटं बोलला. सिनेमात डॉक्टर कुणाशी खोटं बोलला? पोलिसांशी. बायकोशी. तुमच्याशी तो कधी बोललाच नव्हता, कॅमेरा त्याला बाहेरून बघत होता. तीच माहिती, तोच खुलासा, पण फसवणूक तुमच्यापासून काढून दुसऱ्या पात्राच्या पदरात टाकली. दुसऱ्याची फसवणूक बघताना आपण चुकचुकतो. स्वतःची झाली की झोप उडते.

आता हे पडद्यावर आणायचं कसं? कागदावर लपवणं तुलनेने सोपं आहे, कारण लेखक जे लिहीत नाही ते नसतंच. कॅमेऱ्याला काहीतरी दाखवावंच लागतं. हिचकॉकच्याच 'सायको'चं उदाहरण घ्या. आई केव्हाच मेलेली आहे, तिच्या नावाने मुलगा नॉर्मनच बोलतो, हे त्यातलं रहस्य. १९५९ च्या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात नॉर्मन बेट्स आणि त्याची आई यांची वादावादी आहे. 'आई म्हणाली' एवढं लिहिलं की आई खोलीत आली, वाचकाला शंकाही येत नाही. १९६० च्या सिनेमात हे जसंच्या तसं करणं अशक्य होतं, आई दाखवायची तर चेहरा दाखवायला हवा. मग उपाय काय काढले? आईचा आवाज लांबून, घरातून येतो. आईला उचलून जिन्यावरून खाली नेताना कॅमेरा वर छताला जाऊन बसतो, म्हणजे डोकं दिसतं, तोंड दिसत नाही. आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे सिनेमाने सुरुवातच नॉर्मनला बाजूला ठेवून केली. पैसे चोरून पळालेल्या तरुणीची गोष्ट आपण इतका वेळ बघतो की नॉर्मनचं मोटेल येईपर्यंत तिच्याच काळजीत असतो. कादंबरीतला जाडा, चाळिशीचा, चष्मेवाला नॉर्मन जाऊन पडद्यावर सडपातळ, लाजरा अँथनी पर्किन्स आला, तोही याच हिशेबाने. कादंबरीशी प्रामाणिक राहण्याच्या दृष्टीने बघाल तर हे सगळे बदल 'माती केली' या सदरात जातील. पण पुस्तकाने वाचकाला जिथे पोहोचवलं तिथेच पोहोचायला सिनेमाला वेगळी वाट काढावी लागली होती.

उलट उदाहरणही हिचकॉकचंच. 'स्टेज फ्राइट' (१९५०) हाही कादंबरीवरूनच. सुरुवातीलाच एक पात्र आपली कहाणी सांगतं आणि ती आपण फ्लॅशबॅकमध्ये बघतो. शेवटी कळतं की तो फ्लॅशबॅकच खोटा होता. प्रेक्षक चिडले. तसं करायला नको होतं, अशी कबुली हिचकॉकनेच पुढे दिली. पात्र तोंडाने खोटं बोललं तर आपण त्याला खोटारडा म्हणतो. चित्र खोटं बोललं तर सिनेमालाच खोटारडा म्हणतो. डोळ्यांनी बघितलेलं खोटं निघालं की माणसाला ते सहन होत नाही.

अलीकडे हा पेच बराचसा सोडवलेला मी बघितला तो 'गॉन गर्ल'मध्ये. कादंबरी २०१२ ची, सिनेमा २०१४ चा, पटकथा खुद्द कादंबरीच्या लेखिकेची, जिलियन फ्लिनची. पुस्तकाच्या पहिल्या भागात नवऱ्याच्या निवेदनाशी आलटून-पालटून बायकोची डायरी येते आणि ती बनावट असते. सिनेमात डायरीतले प्रसंग दिसतात, पण अधूनमधून लिहिणारा हात, पेन आणि तिचा आवाज येत राहतो. म्हणजे सिनेमा 'हे असं घडलं' असं कधीच म्हणत नाही, 'हिने असं लिहिलं' एवढंच म्हणतो. खोटं उघडं पडल्यावर प्रेक्षक सिनेमावर न चिडता तिच्या हुशारीला दाद देतो. वरवर साधी दिसणारी युक्ती आहे, पण कागदावर बसून ती सुचायला महिने जातात.

तुमच्या डॉक्टरसाठी मी असतो तर काय केलं असतं? सरसकट व्हॉइसओव्हर लावला नसता. लोकांना वाटतं 'मी' हरवला म्हणजे आवाज लावून परत मिळतो. बहुतेकदा आवाज चित्रात दिसतंय तेच पुन्हा सांगत बसतो आणि नटाचं काम खाऊन टाकतो. मी कदाचित त्याच्या रुग्णांच्या नोंदींचा उपयोग केला असता. डॉक्टर आहे, रोज काहीतरी लिहितो. त्या रात्रीची नोंद तो कशी लिहितो, ती एवढी नीटनेटकी का, एवढं दाखवलं की झालं. हा माझा आवडता खेळ आहे, त्यात फार रमत नाही.

शेवट बदलल्याचा तुम्हाला सगळ्यात जास्त राग आला, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. शेवट बदलण्याला मोठी परंपरा आहे आणि कारणं दर वेळी वेगळी आहेत. 'रिबेका' ही १९३८ ची कादंबरी. त्यात नायक मॅक्सिम पहिल्या बायकोला गोळी घालतो. १९४० च्या सिनेमात ती पडते आणि डोक्याला मार लागून मरते. हे कुणाला कलात्मक वाटलं म्हणून झालं नाही. तेव्हाच्या हॉलीवूडच्या आचारसंहितेत खुनी शिक्षेविना सुटलेला चालत नव्हता. मॅक्सिमला सुटू द्यायचं तर खुनाचाच अपघात करावा लागला. चित्रपट उत्तम आहे, पण दुसरी बायको जाणूनबुजून एका खुन्याच्या बाजूने उभी राहते हा कादंबरीतला कडवट घास त्यातून गेला. अगाथा ख्रिस्तीची गोष्ट याहून मजेशीर. दहा माणसं बेटावर एकामागून एक मरतात, कुणीच उरत नाही, ही तिची १९३९ ची कादंबरी. १९४३ मध्ये तिचं नाटक करताना तिने स्वतःच दोघांना वाचवलं. सगळेच मेले तर रंगमंचावर उलगडा सांगणार कोण, ही अडचण. १९४५ च्या सिनेमाने नाटकाचाच शेवट उचलला. १९८७ च्या सोव्हिएत सिनेमाने मात्र कादंबरीचा शेवट तसाच ठेवला आणि तोही पडद्यावर उभा राहिला. मूळ लेखिकेने बदललं म्हणजे बदल आवश्यकच होता, असं म्हणता येत नाही ते यामुळे.

आज आचारसंहितेचा धाक नाही. आज भीती असते ती टेस्ट स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे प्रदर्शनाआधी निवडक प्रेक्षकांना दाखवलेल्या चाचणी-खेळात, 'पण मग तो सुटला का?' असं विचारणाऱ्या चार माणसांची. तुमचा शेवट त्या भीतीतून बदलला असेल, नाकारत नाही. पण मला त्यात दुसरंही काही दिसतं. तुम्ही लिहिलंय की कबुलीचा प्रसंग पाच-सहा मिनिटांचा आहे, कॅमेरा हलत नाही, डॉक्टर सरळ समोर बघून बोलतो. बघा, सबंध सिनेमात तो पहिल्यांदाच 'मी' म्हणून बोलतोय. पटकथाकाराला पुस्तकातला निवेदक हरवल्याची जाणीव होती. त्याने तो शेवटी परत आणायचा प्रयत्न केला, आणि समोर ऐकणारं कोणीतरी हवं म्हणून पोलीस बसवले. शिवाय पुस्तकात डॉक्टर सुटतो त्यात टोचणी होती, कारण तुम्ही त्याचे साथीदार झाला होतात आणि तो सुटावा असं कुठेतरी तुम्हालाही वाटत होतं. सिनेमातला डॉक्टर तुमचा कोणीच नव्हता. तो नुसता सुटला असता तर तुम्ही म्हणाला असतात, बरं, मग?

तेव्हा कबुलीचा शेवट या सिनेमाच्या डॉक्टरला शोभतो, असं माझं मत. फक्त फार उशिरा येतो. आधीच्या शंभर मिनिटांत त्या माणसाच्या आतलं काही दिसलं असतं तर ती पाच मिनिटं अंगावर आली असती. तुमच्या अंगावर ती आली नाहीत, आणि आतलं का दिसलं नाही या प्रश्नाचं उत्तर मला तुमच्या यादीतल्या सगळ्यात छोट्या तक्रारीत सापडतं.

बहीण.

कात्री कशी चालते ते आधी सांगतो. कादंबरी सहज ऐंशी-नव्वद हजार शब्दांची असते. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, म्हणजे दोन तासांच्या सिनेमाला एकशेवीस पानं, आणि त्यातही निम्मा कागद कोरा. काहीतरी जाणारच. पुष्कळदा जातं ते बरंच होतं. 'जॉज'च्या १९७४ च्या कादंबरीत पोलीसप्रमुखाच्या बायकोचं त्या समुद्रशास्त्रज्ञाशी प्रकरण आहे, महापौर गुंडांच्या कर्जात अडकला आहे. १९७५ च्या सिनेमाने दोन्ही काढून टाकलं आणि तीन माणसं, एक बोट, एक शार्क एवढंच ठेवलं. त्या उपकथानकांसाठी हळहळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

पण पात्र काढताना ते काय करतं एवढंच बघून भागत नाही, त्याच्यामुळे दुसऱ्यांचं काय दिसतं तेही बघावं लागतं. माझा फसलेला सिनेमा याच चुकीने फसला. कादंबरीत एक म्हातारा शेजारी होता. रोज सकाळी खिडकीत बसायचा, समोरच्या दारातलं वर्तमानपत्र किती वाजता उचललं जातं ते बघायचा. तीन प्रसंग, एकूण चार पानं. मी त्याला उडवला आणि 'दोन दिवस वर्तमानपत्र दारातच होतं' ही माहिती इन्स्पेक्टरच्या तोंडी घातली. काम सुटसुटीत झालं म्हणून स्वतःवर खूश होतो. शूटिंग संपलं, संकलनाला बसलो आणि संकलकाने शांतपणे विचारलं, "याला हे कसं कळलं?" उत्तर नव्हतं. शेवटी इन्स्पेक्टर पाठमोरा असलेल्या एका शॉटवर डबिंगमध्ये एक वाक्य चिकटवलं. आजही तो प्रसंग लागला की मी दुसरीकडे बघतो. त्यातही सुगावा हरवल्याचं दुःख कमी. घरावर कुणाचीतरी नजर आहे, ही जी बारीक अस्वस्थता म्हातारा नुसता बसून निर्माण करत होता, ती गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही.

तुमच्या डॉक्टरची बहीण तोच म्हातारा आहे. तुम्ही लिहिता की पुस्तकात ती फार येत नाही, फोनवर बोलते, दोनदा जेवायला येते, आणि तिच्यासमोर डॉक्टरची वाक्यं उगाच लांब होतात. पुस्तकाला तिची गरज कमी होती, कारण डॉक्टरच्या डोक्यात आपण होतोच. सिनेमाने ते डोकं बंद केल्यावर डॉक्टर आतून कसा आहे हे बाहेरून दाखवू शकणारं एकच माणूस उरलं होतं. ज्याच्यापुढे याला खोटं बोलताना त्रास होतो असं माणूस. पुस्तकात चार पानांची असलेली बहीण सिनेमात वीस मिनिटांची करायला हवी होती. त्यांनी पानं मोजली आणि ती काढली. मग धक्क्यावर भिस्त ठेवणं आलं आणि सगळं ओझं कबुलीवर पडणंही आलं. तुम्हाला ज्या तीन गोष्टी खटकल्या त्या वेगवेगळ्या नाहीत. पटकथेतल्या एकाच निर्णयातून त्या निघाल्या आहेत.

नट आवडला म्हणता, ते खरंच असणार. त्याच्याकडे फार थोडं दिलेलं होतं आणि तरीही पहिला तास त्याने तुम्हाला धरून ठेवलं. संधी मिळाली तर तो पहिला तास पुन्हा बघा, फक्त त्याच्याकडे लक्ष ठेवून. खुनाच्या रात्रीचा विषय निघतो तेव्हा तो समोरच्याच्या डोळ्यांत बघतो का, वाक्य संपवतो का, हातात काही उचलून घेतो का? नटाने पटकथा शेवटपर्यंत वाचलेली असते, त्यामुळे रहस्य माहीत असणारे तुम्ही दोघेच. वहिनींना पहिल्या वेळी जे दिसणं शक्यच नव्हतं ते तुम्हाला दिसेल. तिथेही काही दिसलं नाही तर मग नटाबद्दलचं मत थोडं खाली आणा.

पुस्तक आधी वाचून नुकसान केलं का, तर पंधरा सेकंदांचं केलं. बाकी जे हुकलं ते वहिनींचंही हुकलंय, फक्त त्यांना त्याचा पत्ता नाही. आठवडाभराने त्यांना विचारून बघा, तो डॉक्टर अजून आठवतो का. बहुधा दचकल्याचं आठवेल, माणूस नाही. मग पुस्तक त्यांच्या हाती द्या. रहस्य त्यांना ठाऊक आहे, म्हणजे डॉक्टर पहिल्या पानावर काय लपवतोय ते त्या पहिल्या पानापासूनच बघत वाचतील, जे तुम्हाला जमलं नव्हतं. त्याला एक बहीण आहे, हे मात्र आधी सांगू नका.